कोर्टाची वाट आणि फोडलेले पाकीट

१९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आमच्या पिढीने पाहिली नाही, ती आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने लोकसभेसाठी उभे होते. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता, तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मतदारसंघ दोन सदस्यांचा, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, म्हणून प्रत्येक मतदाराच्या हाती दोन मते होती. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे निवडणूक सोपी जाईल, असा हिशोब काही कार्यकर्त्यांनी मांडला होता. तो बाबासाहेबांनी मान्य केला नाही, असे चळवळीतली जुनी माणसे सांगत आली आहेत. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी जिंकले आणि बाबासाहेब हरले.

हा पराभव भंडाऱ्याच्या माणसाला आजही सलतो. परंतु आम्ही वकिली करू लागल्यावर या पराभवाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला शिकलो. ज्या महामानवाला भंडाऱ्याने दिल्लीला पाठवले नाही, त्याने त्याच्या चार-साडेचार वर्षे आधीच भंडाऱ्याच्या प्रत्येक माणसासाठी दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाचे दार उघडून ठेवले होते. मोहाडी असो, लाखांदूर असो, पवनी असो की साकोली, तिथला भूमिहीन मजूर आपला मूलभूत हक्क हिरावला म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. हे दार कसे उघडले, त्या दारापर्यंतची वाट कुठे पक्की झाली आणि कुठे कच्ची राहिली, हे आज सांगायचे आहे.

सांगण्याचे निमित्त एका पाकिटाचे आहे. काही वर्षांपूर्वी एका कारागृहातून आमच्या नावाने पाकीट आले. पाठवणारा आमचा अशील, शेतमजूर, जेमतेम सही करणारा. सेशन कोर्टाने त्याला शिक्षा ठोठावली होती. अशा निकालावर हायकोर्टात अपील करायला कायद्याने साठ दिवस मिळतात. त्याने सोबतच्या कैद्याकडून पत्र लिहून घेतले, अपील करा म्हणून विनंती केली, आणि एका साक्षीदाराबद्दलची आतली गोष्ट कळवली. ते पाकीट आमच्या हाती पडले तेव्हा साठ दिवस उलटून गेले होते. पाकीट फोडलेले होते आणि आतल्या कागदावर तपासल्याचा शिक्का होता. आम्ही विलंब माफीचा अर्ज केला, कोर्टाने तो मंजूर केला आणि अपील दाखल झाले. पण जी गोष्ट त्याने फक्त आपल्या वकिलाला सांगितली होती, ती आमच्याआधी तिसऱ्याच कुणी वाचली होती. त्यावर कोणता अर्ज करायचा?

बाहेरचा माणूस वकिलाकडे येतो, दार लावून घेतो आणि मनातले सगळे सांगतो. आतल्या माणसाचे दार दुसऱ्याच्या हाती असते. त्याच्यासाठी पत्र हीच वकिलाची भेट आणि पत्र हेच कोर्टाचे दार. ते पत्र अडले की कोर्ट अडले. म्हणून हा प्रश्न टपालाचा म्हणून सोडून देता येत नाही, तो घटनेचा प्रश्न आहे. आणि घटनेचा प्रश्न म्हटला की आम्हाला बाबासाहेबांच्या आयुष्याकडे वळावेच लागते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे एका सुभेदाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला आणि त्याच लंडनमध्ये ग्रेज इन या संस्थेतून १९२२ साली बॅरिस्टर झाला. एवढ्या पदव्यांचा माणूस १९२३ साली मुंबईला परतला, तेव्हा वकिलीची सनद काढण्यासाठी त्याला नवल भथेना या पारशी मित्राची मदत घ्यावी लागली. सनद मिळाली, पण काम मिळेना. हायकोर्टातले काम बॅरिस्टरकडे सॉलिसिटरमार्फत येई, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरच्या हाती कागद द्यायला तयार नसत. तेव्हा बाबासाहेबांनी जिल्ह्यांतली, तालुक्यांतली, गरिबांची कामे घेतली. कोर्टाची पायरी चढू देणारे कायद्याआधी समाजातले लोक असतात, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलून शिकले.

पुढे १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाचा खटला आला. दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली होती. ब्राह्मणेतर चळवळीची ही मंडळी बाबासाहेबांकडे आली, त्यांनी अपील चालवले आणि ते सुटले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या खटल्यात त्यांनी र. धों. कर्वे यांची बाजू मांडली, तो खटला मात्र हरला. जिंकणे-हरणे वकिलाच्या हाती नसते. ज्याची बाजू कुणी घेत नाही त्याची बाजू कोर्टात उभी राहिली पाहिजे, एवढे वकिलाच्या हाती असते. हे काम करत असतानाच ते कायद्याचे अध्यापनही करत होते आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

परंतु बाबासाहेबांचा सर्वांत मोठा खटला त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्यायले. डिसेंबरात सत्याग्रह होणार हे कळताच महाडच्या सवर्णांनी कोर्टात दावा लावला, तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना मनाई करा म्हणून. प्रतिवादींत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. १४ डिसेंबर १९२७ रोजी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडला जमले होते, मनुस्मृती जाळली गेली होती, रक्त तापले होते. तळे काही पावलांवर होते. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, कारण हुकूम कोर्टाचा होता आणि कोर्टातच त्याचा निकाल लावायचा होता.

आज कुणी म्हणेल, ही माघार होती. त्यांनी पुढचा हिशोब पाहावा. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा आपल्या बाजूने निकाली काढला. सवर्ण ठाण्याला अपिलात गेले, तिथे १९३३ साली हरले. मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी अंतिम निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि कालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून अपील फेटाळले. दहा वर्षांना तीन दिवस कमी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टाची वाट चालली. या दहा वर्षांत बाबासाहेब तीन गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, पण महाडची तारीख त्यांनी सोडली नाही. ज्याच्या मागे पैसा आणि माणसे नाहीत तो दहा वर्षे कोर्टात टिकेल कसा, हा प्रश्न त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही.

हाच माणूस ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. मसुद्यातले कलम २५ मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारे होते. आज तेच कलम ३२ आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी साऱ्या घटनेतून सर्वांत महत्त्वाचे म्हणून याच कलमाची निवड केली आणि त्याला घटनेचे प्राणस्थान मानले. समतेचे कलम, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, स्वातंत्र्याची कलमे एवढी सगळी असताना कोर्टात जाण्याचे कलम सर्वांत वर का? महाडच्या दहा वर्षांत त्याचे उत्तर आहे. कागदावरचा हक्क आणि पदरात पडलेला हक्क यांच्यामध्ये कोर्टाची पायरी असते. ती चढता आली नाही तर बाकीची कलमे भिंतीवर टांगायच्या उपयोगाची.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून न्याय्य कार्यपद्धतीची हमी देणारे शब्द वगळले गेले आणि कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती एवढेच राहिले. त्यावर देशभर नाराजी होती. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १५-अ हे नवे कलम आणले. आजचे ते कलम २२. अटक केलेल्याला अटकेचे कारण सांगितले पाहिजे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्याला नाकारता येणार नाही. त्याच कलमाच्या पुढच्या भागात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा दिली गेली, आणि अशा स्थानबद्धाला वकिलाची व चोवीस तासांची ही हमी मिळत नाही, हेही आम्ही लपवणार नाही. परंतु पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेल्या आपल्या पोरासाठी आम्ही रात्री-अपरात्री जाऊन वकील म्हणून भेटीची मागणी करतो, तेव्हा आमच्या पायाखाली हेच कलम असते.

आता पत्राकडे येऊ. वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क घटनेत आला. तो सल्ला गुप्त राहील, पत्र कुणी फोडणार नाही, हे घटनेत आले का? येता येता राहिले. १९४७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सादर केले, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये, अशी तरतूद त्यांनी मागितली होती. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्कही आपल्या मसुद्यात घेतला होता. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या कायदेपंडितांनी हरकत घेतली, आणि सल्लागार समितीत तो हक्क गळाला.

पुन्हा एक संधी आली डिसेंबर १९४८ मध्ये. ती आणणारे सदस्य होते काझी सय्यद करीमुद्दीन, मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा आमचा भंडारा जिल्हा होता, त्याच प्रांताचे. अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. अशी तरतूद फौजदारी कायद्यात आहेच, पण ती घटनेत असली तर कुठल्याही विधिमंडळाला तिला हात लावता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकलले गेले आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली. मसुदा समितीच्या अध्यक्षाला हवी असलेली प्रत्येक गोष्ट घटनेत आली नाही, हे आपण विसरतो. मार्च १९५४ मध्ये, म्हणजे भंडाऱ्यात पोटनिवडणुकीची धामधूम असण्याच्या सुमारास, सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायमूर्तींनी एम. पी. शर्मा खटल्यात सांगून टाकले की अशा झडतीविरुद्ध खासगीपणाचे संरक्षण आपल्या घटनेत नाही. त्या निकालाला जी पोकळी दिसली, ती भरायला बाबासाहेब पाच वर्षांपूर्वीच तयार होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. वाट पूर्ण व्हायची होती. पुढची माती कुणी टाकली? त्यात महाराष्ट्रातल्या तुरुंगांतून आलेली माणसे आहेत. प्रभाकर संझगिरी हे स्थानबद्ध होते. त्यांनी कोठडीत अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने सरकारचे अपील फेटाळले आणि हस्तलिखित बाहेर जाऊ दिले. स्थानबद्ध केले म्हणून माणसाचे उरलेले सगळे हक्क गोठत नाहीत, हे तिथे ठरले. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. निकालाची प्रत कैद्याला मिळालीच नाही, अशी तक्रार होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली, पण कायदा घालून दिला. निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेत पडली पाहिजे, अपिलाची सोय कारागृहाने करून दिली पाहिजे आणि ज्याला ऐपत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. १९७९ साली तिहार जेलमधून सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्यावरच्या अत्याचाराबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानले. वकिलांना कैद्याशी गुप्तपणे बोलता आणि कळवता आले पाहिजे, तक्रारपेट्या लावल्या पाहिजेत, असे आदेश दिले. कलम ३२ मधले दार एका पत्राने उघडले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९५४ च्या निकालातले ते मत पुसून टाकले. करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीला जवळपास एकोणसत्तर वर्षांनी न्याय मिळाला.

बाहेरचे जग इथे थोडे पुढे गेले आहे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७५ साली गोल्डर या ब्रिटिश कैद्याच्या खटल्यात सांगितले की, वकिलाशी संपर्क अडवणे म्हणजे कोर्टात जाणेच अडवणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली वकिलाचे टपाल कैद्याच्या समक्ष उघडून आत काही बंदी घातलेली वस्तू आहे का एवढे पाहण्याची पद्धत मान्य केली. त्यात मजकूर वाचला जात नाही. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, आम्ही तो नाकारत नाही. पाकिटातून काय येते हे अधीक्षकाने पाहावे. पण पाकीट पाहणे वेगळे आणि पत्र वाचणे वेगळे. आपल्याकडे १८९४ च्या तुरुंग कायद्यानेही कच्च्या कैद्याला वकिलाशी तिसऱ्या माणसाशिवाय भेटण्याची सोय ठेवली आहे. वकील-अशिलातली गुप्तता पुराव्याच्या जुन्या कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मग जे तोंडाने बोलले तर गुप्त, तेच कागदावर लिहिले तर उघडे, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, हा गुन्हेगारांचा प्रश्न आहे, समाजाला त्याचे काय? समाजबांधवांनो, तुरुंगात कोण आहे ते पाहा. कच्च्या कैद्यांत दलित, आदिवासी आणि मुस्लीम यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त असल्याचे सरकारचेच तुरुंगविषयक अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. ज्याला जामीन परवडत नाही, ज्याचे घरचे मुलाखतीला येऊ शकत नाहीत, तोच पत्रावर अवलंबून असतो. आणि कोर्टाची वाट फक्त आरोपीला लागत नाही, अत्याचार झालेल्यालाही लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. घरातला एकटा उरलेला माणूस, भैयालाल भोतमांगे, न्यायाची वाट पाहत २०१७ साली गेला. २०१६ पासून अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित व साक्षीदारांना सुनावणीची माहिती मिळण्याचा, म्हणणे मांडण्याचा हक्क आला, त्या कलमाचा क्रमांकही योगायोगाने १५-अ. बाबासाहेबांनी आरोपीसाठी आणलेले १५-अ आणि पीडितासाठी आलेले १५-अ, दोन्ही आपलीच आहेत. एकासाठी भांडायचे आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून करायचे काय? भंडाऱ्यात जिल्हा कारागृह आहे आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या वस्तीतले पोरगे आत गेले तर आठ दिवसांच्या आत तिथे अर्ज करा. शिक्षा झाली तर निकालाची प्रत हाती आली का ते विचारा आणि साठ दिवस बोटावर मोजा. वकील मिळाला नाही तरी कैद्याला आपले अपील कारागृह अधीक्षकामार्फत पाठवता येते, हे त्याला कळवा. वकिलाला लिहिलेल्या पाकिटावर वकिलाचे टपाल असे ठळक लिहायला सांगा, पाठवल्याची तारीख कागदावर टिपून ठेवायला सांगा, आणि ते फोडलेले मिळाले तर वकिलाने गप्प न बसता कोर्टाला लेखी कळवावे. आम्ही त्या वेळी अपील दाखल झाले या समाधानात गप्प बसलो, ती आमची चूक झाली. ती तक्रार तेव्हाच करायला हवी होती.

वकील मित्रांनाही सांगणे आहे. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो. त्या पुतळ्याच्या एका हातात पुस्तक आहे आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढे दाखवते आहे. भंडाऱ्यात उभे राहून त्या बोटाच्या दिशेने पाहिले तर आम्हाला तरी कोर्ट आणि कारागृह दोन्ही दिसतात. महिन्यातून एक दिवस कारागृहाच्या फाटकाशी जा, मुलाखतीसाठी नाव नोंदवा, आणि ज्याचे पत्र कुणाकडेच पोहोचले नाही अशा एका माणसाचे म्हणणे ऐकून घ्या. १९५४ साली भंडाऱ्याने बाबासाहेबांना मत कमी दिले. ते कर्ज फेडायचे असेल तर सुरुवात इथून करता येईल.

जयभीम!